मार्फत ५६ एपीओ

फौजेत खायला कमी पडत नाही, हे आधीच सांगून टाकते. रेशन भरपूर असतं, लंगरमध्ये पोटभर मिळतं, उंचावरच्या ठाण्यांना तर सुका मेवा, चॉकलेट असा वेगळा शिधा असतो. कॅन्टीनमध्ये साबणापासून बिस्किटापर्यंत सगळं बाजारापेक्षा स्वस्त. तरीही शिराळा तालुक्यातली बाई नवऱ्याला दोन किलो चिवडा देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवते आणि त्यावर टपालाचे बरेच पैसे मोजते. हिशेबात हे बसत नाही. पोस्टाच्या काउंटरच्या आत बसून हा तोट्याचा व्यवहार मी नोकरीभर नोंदवला, आणि सुटी टाकून काउंटरच्या बाहेर उभी राहून स्वतः केलाही. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत, मी पोस्टात डाक सहायक. आमच्याकडं पाहुणे गमतीनं म्हणायचे, घरातलं एक माणूस सरहद्द राखतंय आणि दुसरं तिकिटं.

फौज हे आमच्या भागात नवल नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातून बेळगावच्या मराठा सेंटरला पोरं जायची रीत इंग्रजांच्या काळापासूनची. साताऱ्याकडं अपशिंगे गावाच्या नावापुढं कंसात 'मिलिटरी' लिहितात. शिराळ्याला अशी पाटी नाही, पण चांदोलीच्या बाजूच्या कुठल्याही वाडीत जा, सोप्यातल्या भिंतीवर वर्दीतला एक तरी फोटो टांगलेला दिसेल. डोंगर, भाताची खाचरं, जमीन तुकड्यातुकड्यांची. थोरल्यानं शेती बघायची, मधल्यानं मुंबई गाठायची, धाकट्यानं भरतीला उभं राहायचं, असं ठरूनच गेलेलं. त्या धाकट्याचं लग्न झालं, की पोस्टात एक नवं गिऱ्हाईक वाढलं असं आम्ही समजायचो.

फौजीच्या नोकरीचे घरच्या भाषेत दोनच भाग. 'पीसला', म्हणजे शांत ठाण्याला, असला तर क्वार्टर मिळायची आशा. बायकापोरं घेऊन जाता येतं. 'फील्डला' गेला की संपलं. वर्षाची साठ दिवसांची सुटी, वर तीस दिवसांची कॅज्युअल, तीही मागितली तेव्हा मिळेलच असं नाही. उरलेलं वर्ष संसार चालतो तो पत्रांवर, फोनवर आणि पार्सलांवर. पत्रं आणि फोन याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पार्सलाबद्दल कुणी लिहीत नाही, कारण ते बायकांचं काम आणि त्याला तेलाचा वास येतो.

आधी पत्त्याचं सांगते. फौजीच्या पत्त्यात गाव नसतं. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ९९ एपीओ, आणि नऊनं सुरू होणारा सहा आकडी पिन. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला आला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. देशाचे आठ विभाग पाडून झाल्यावर नऊचा आकडा त्यांच्या पद्धतीत लष्कराकडं गेला. त्याच वर्षी १ मार्चला आर्मी पोस्टल सर्व्हिसची स्वतंत्र कोअर झाली होती, तिचं केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला. आमच्या खात्यातली माणसं तिकडं डेप्युटेशनवर जातात, वर्दी घालतात, हुद्दा लावतात आणि परत आली की आमच्यासारखीच स्टुलावर बसून शिक्के मारतात.

५६ चं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जातं आणि ९९ चं कोलकात्याच्या. तिथं कुठली पलटण आज कुठं आहे हे ठाऊक असतं. आम्हाला नसतं, घरच्यांना नसतं. म्हणून बायकांचा नकाशा दोन आकड्यांचा. "आमचं छप्पन्नला हाईत" म्हणजे काश्मीर, लडाख, पंजाब, राजस्थान, काहीही. "नव्व्याण्णवला" म्हणजे आसाम-अरुणाचलाकडं कुठंतरी. एक म्हातारी मला दर खेपेला विचारायची, "बाई, ह्ये छप्पन्न गाव कुठशी आलं? तितं देऊळ-बिऊळ हाय का न्हाई?" मी सांगायची, "असंल की आजी." खोटं नव्हतं ते, पलटण जिथं जाईल तिथं देऊळ उभं करतेच.

नवी लग्न झालेली पोरगी आली, की पत्त्याखाली हळूच जागेचं नाव टाकायची. कुपवाडा, तवांग, काहीतरी फोनवर कानावर पडलेलं. तिला वाटायचं, तेवढंच पार्सल लवकर जाईल. मी पेन पुढं करून ते खोडायला लावायची. एपीओच्या पत्त्यावर ठिकाण लिहायचं नसतं, हा सुरक्षेचा नियम. शिवाय लिहिलं तर पार्सल साध्या टपालात शिरून भलत्याच रस्त्याला लागायची भीती. खोडताना तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू मी तिच्या नवऱ्याचा ठावठिकाणाच काढून घेतला.

आता आतल्या मालाकडं वळते, कारण खरी अक्कल तिथं लागते.

पार्सल पूर्वी कापडात शिवून आणायचं. मांजरपाटाचं कापड, दाभण, सुतळी, टाक्यांवर लाखेचे ठिपके. काउंटरजवळ मेणबत्ती लावून लाख वितळवायची आणि हात भाजून घ्यायचा. पुढं पुठ्ठ्याचे खोके आणि खाकी चिकटपट्टी आली. पण शिवलेलं पार्सल जास्त टिकायचं असं माझं मत अजून आहे. खोक्याचा कोपरा एकदा ओला झाला की तो मऊ पडतो, आणि शिराळ्याहून निघालेलं खोकं मोटारीत, रेल्वेत, दिल्लीच्या ढिगाऱ्यात, मग ट्रकमध्ये, कधी विमानात, शेवटी खेचरावर किंवा कुणाच्या पाठीवर जातं. पंधरवडा लागला तर लवकर म्हणायचं. हिवाळ्यात झोजीला बंद झाला की लडाखचं टपाल विमानाच्या भरवशावर, आणि विमान हवेच्या भरवशावर.

एवढ्या प्रवासात काय टिकतं हे आम्ही पाठवून पाठवून शिकलो. शेंगदाण्याची चटणी टिकते. कारळ्याची, जवसाची टिकते. कांदा-लसणाची घरची चटणी तर सहा महिने हलत नाही, पण तेल सोडते आणि सगळ्या पार्सलाला रंग चढवते, म्हणून ती तीन पिशव्यांत. ओला खर्डा पाठवायचा नाही, कितीही फर्माईश आली तरी. लोणच्याची बरणी आम्ही काउंटरवरूनच परत करायचो. फुटली की दुसऱ्याच्या पत्रांचा चोथा होतो. करंजीत ओलं खोबरं नको, सुकं चालेल. रव्याचा लाडू पोचेपर्यंत भुगा होतो. बेसनाचा होत नाही, पण थंडीत तूप असं गोठतं की दात लागत नाही. आमचे हे सांगायचे, लाडू बुखारीच्या शेगडीजवळ ठेवून मऊ करून मग खायचो. खोबरेल तेलाची बाटली तर पाठवूच नये. आपल्याकडंच माघात ते थिजतं, चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली त्याचं लोणी होतं. तिकडं बाटली कापून तेल काढावं लागतं.

चकलीचा प्रश्न मात्र कुणालाच सुटत नव्हता. स्टीलच्या डब्यात घातली तर डब्याचंच वजन, पिशवीत घातली तर पोचतो तो चुरा. तो सोडवला कोकरुडकडच्या एका जावा-जावांच्या जोडीनं. डब्याऐवजी पुठ्ठ्याचं खोकं, तळाला चिरमुऱ्यांचा थर, त्यावर चकल्या एकमेकींना न टेकता आडव्या, परत चिरमुरे, परत चकल्या. सगळ्या फटी चिरमुऱ्यांनी गच्च. वर लसणाची चटणी आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची वेगळी पुडी. खोकं हलवून बघितलं तर आवाज नाही. चिरमुऱ्याला वजन नाही, आणि तिकडं चकल्या काढून झाल्या की उरलेल्यात चटणी, शेंगदाणे, तेल घालायचं की भडंग तयार. वेष्टणासकट सगळं पोटात. मी हे बघितलं आणि त्या दिवाळीला घरी तसंच केलं. पुढं काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकीला सांगत सुटले. कामाचा भाग नव्हता, तरी सांगितलं.

पार्सलाचा दर अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतो. हे तालुक्यातल्या बायकांना माझ्याआधीपासून ठाऊक. काट्यावर पार्सल ठेवलं आणि आकडा टप्प्याच्या चाळीस ग्रॅम पुढं गेला, की, "थांबा बाई," म्हणून तिथंच टाके उसवायचे. मग काय काढायचं यावर सासू-सुनेची कुजबूज. सासूनं केलेले डिंकाचे लाडू की सुनेनं घातलेला आफ्टर शेव्ह? एकदा एका सासूनं निम्मा लाडू मोडून काढला आणि उरलेला निम्मा परत आत ठेवला. पार्सल बरोबर टप्प्यात बसलं. तो काढलेला निम्मा कडेवरच्या पोरानं खाल्ला. मागं रांग ताटकळली होती, पण कुणी कुरकुर केली नाही. रांगेतल्या निम्म्यांच्या पिशवीत तेच दुखणं होतं.

नियमानं काय चालत नाही, हा रोजचा वाद. काडेपेटी नको, लायटर नको, सेंटची बाटली नको. अलीकडं पॉवर बँक. "बाई, तितं लाइट नसतीया, मोबाइल कसा लावायचा त्येंनी?" प्रश्न खरा असायचा, पण बॅटरीचं पार्सल विमानात चढवत नाहीत. अंगारा, गुलाल चालतो. जोतिबाचा गुलाल, अंबामातेचा अंगारा, गोरखनाथाच्या देवळातली विभूती, सगळ्यांच्या पुड्या चटणीच्या शेजारी. पुड्यांवर नाव लिहा, असं मी सांगायची. आमच्या ह्यांनी एकदा अंगारा समजून कारळ्याची चटणी कपाळाला लावली होती, अशी गोष्ट पलटणीत सांगतात. ते स्वतः मान्य करत नाहीत.

खाण्याच्या खाली कागद असायचे, आणि माझ्या मते निम्मी पार्सलं त्यासाठीच जायची. फौजेत लग्न झालं, मूल झालं, की त्याची 'पार्ट टू ऑर्डर' निघावी लागते; म्हणजे बायकोचं, पोराचं नाव नवऱ्याच्या रेकॉर्डला चढतं. ते चढलं नाही तर पुढं दवाखाना, पेन्शन, सगळीकडं अडतं. त्यासाठी जन्माचा दाखला, दोघांचा फोटो, ग्रामपंचायतीचा शिक्का. नाव आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, शाळेत तिसरं. 'सुनिता' आणि 'सुनीता' यातल्या वेलांटीपायी बाई तहसीलला खेटे घालते आणि नवरा लडाखमधून विचारतो, एवढा वेळ का लागतोय. तो दाखला शेवटी हातात आला, की साध्या पाकिटात घालायला तिचा धीर होत नाही. ती तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेवेच्या पिशवीखाली ठेवते. सोबत सोसायटीच्या कर्जाची नोटीस, पोराचं प्रगतिपुस्तक, बांधावरून भावकीशी झालेल्या भांडणाचा दोन पानी वृत्तांत. चिवडा या सगळ्यावर पसरलेला.

पार्सल पाठवायचं वेळापत्रक आमच्या आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या डोक्यात होतं. भुईमूग निघाला की वाळवलेल्या शेंगांची एक पिशवी बाजूला. नव्या भाताचे पोहे कांडून आणले की एक शेर बाजूला. गुऱ्हाळावरून गूळ आला की एक ढेप बाजूला. घरात दहा माणसं होती, पण वाटणी अकराची व्हायची. ताटात जसा घरातल्या माणसाचा वाटा, तसा फौजेतल्याचा. तो वाटा साठला की आत्या म्हणायच्या, "आता न्या तुमच्या हापिसात." त्याला तिथं गूळ मिळतो की नाही, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. मी एकदा बोलून बघितलं, की टपालाच्या पैशात तिकडं तीन ढेपा येतील. त्या म्हणाल्या, "त्यो तितला गूळ झाला." पुढं मी तो विषय कधी काढला नाही. पोस्टाच्या कुठल्याही दरपत्रकात या उत्तराला उत्तर नव्हतं.

आणि तो वाटा त्याच्या एकट्याच्या तोंडात जात नसे, हेही सगळ्यांना माहीत. पार्सल बराकीत उघडतं तेव्हा सेक्शन जमतं. हे काही वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. तिथं वेगवेगळ्या पलटणींची, वेगवेगळ्या मुलखांची माणसं एकत्र. एका गढवाली जवानाच्या घरून अरसे यायचे, तांदूळ आणि गुळाचे तळलेले. आमच्या अनारशाच्या जवळची चव. दिवाळीनंतर त्याच्या घरचे अरसे आमच्या ह्यांनी खाल्ले आणि आमच्या घरची शेंगदाण्याची चटणी त्यानं पराठ्याला लावली. पुढच्या पत्रात मजकूर आला, चटणी दुप्पट पाठव, इथं आठजण आहेत. तेव्हापासून मी नवऱ्याच्या नावानं आठ पुरुषांचा स्वयंपाक करत होते, ज्यांतल्या सातजणांना मी आजवर बघितलेलं नाही. त्यातला एकजण घरी जाताना पुण्याला उतरून फोन करून गेला. "भाभीजी, चटनी बहुत तेज थी," एवढंच म्हणाला.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते, वाचलेली. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या नाताळला राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. गोऱ्या शिपायांच्या डबीत तंबाखू, सिगारेटी. हिंदी शिपायांना काय द्यायचं यावर खल झाला आणि खडीसाखर व मसाल्याची छोटी डबी ठरली. लंडनच्या कमिटीलासुद्धा उमगलं होतं, की आपल्या माणसाला परमुलखात मसाला लागतो. पण तो मसाला कुणाच्या घरचा होता, हे कमिटीनं विचारलं नसणार.

१९९९ च्या उन्हाळ्यात काउंटरवर वेगळीच गर्दी झाली. ज्यांचं कुणी फौजेत नाही अशी माणसं यायची. कारगिलच्या जवानांना पाठवायचंय, पत्ता सांगा. शाळेची पोरं पत्रांचे गठ्ठे घेऊन आली. चांगलंच होतं ते. पण नंबर, नाव, युनिट नसलेल्या पार्सलाला पोचायला जागा नसते, हे समजावताना वाईट वाटायचं. त्या गर्दीत ज्यांचे नवरे खरोखर तिकडं होते त्या बायका मागं उभ्या. त्यांच्या पिशवीत त्या महिन्यात फराळ नसायचा. लोकरीचे मोजे, पायाच्या भेगांचा मलम, बॅटरीचे सेल (ते मी परत करायची), आणि पोराच्या हाताचा ठसा उमटवलेला कागद. मी स्वतः त्या दोन महिन्यांत काय पाठवलं ते आठवत नाही. आत्यांनी देव पाण्यात घातले होते, एवढं आठवतं.

परत आलेलं पार्सल हा वेगळाच विषय. पाठीवर शिक्का, कोपरे फाटलेले, पत्त्यावर निळी काट. ते पिशवीतून निघालं की आम्ही पोस्टातलेच आधी गप्प व्हायचो. परत येण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं: पलटण हलली, माणूस कोर्सला गेला, सुटीवर निघाला. पण हे ज्याच्या दारात पार्सल जातं त्याला कोण सांगणार? पोस्टमननं नुसतं अंगणात ठेवून यावं असं ते नसतं. आमचा एक जुना पोस्टमन आधी ओरडायचा, "वयनी, पलटण हलल्याली हाय, काळजीचं न्हाई!" आणि मगच सायकल लावायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड आठवडा २०१९ च्या श्रावणातला. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. नागपंचमी म्हणजे शिराळ्याचा सण; एरवी गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी पाऊस थांबत नव्हता. चांदोली धरणातून पाणी सोडलेलं, वारणाकाठची गावं पाण्यात, मोरणा फुगलेली. आणि आदल्या रात्रीपासून काश्मीरमधले सगळे फोन बंद. सकाळी टीव्हीवर ३७० ची बातमी. पोस्टाच्या दारात बायका उभ्या, हातात राख्यांची पाकिटं. राखी पौर्णिमा दहा दिवसांवर, १५ ऑगस्टला. नवऱ्याला फोन लागत नाही, भावाला लागत नाही. त्यांना माझ्याकडून हवं होतं ते राखीच्या पावतीपेक्षा वेगळं होतं. "पोस्टाचं तरी पोचतंय का तितं?" एवढा एकच प्रश्न, प्रत्येकीचा.

मी पाकिटं घेतली. पुढं दोन दिवसांत इकडचीच वाट बंद पडली. कोल्हापूरजवळ महामार्गावर पाणी, सांगली शहरात पाणी; टपालाच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या आणि गाडी नाही. तिकडं फोन नाही, इकडं रस्ता नाही. नवरे, भाऊ तिकडून टीव्हीवर सांगलीचा पूर बघत असणार आणि त्यांनाही घरचा फोन लागत नसणार, हे एका मुलीच्या तोंडून आलं तेव्हा आम्ही सगळेच चपापलो. तोवर काळजी एकाच बाजूनं वाहतेय असं आम्ही धरून चाललो होतो. कुणाकुणाला नंतर युनिटच्या लाइनवरून मिनिटभर बोलता आलं. त्यातली एक सांगत होती, त्या मिनिटात तिच्या नवऱ्यानं एवढंच विचारलं, म्हशी कुठं बांधल्यात? राख्या पोचल्या त्या पौर्णिमा होऊन गेल्यावर. पोस्टपेड मोबाइल तिकडं सुरू झाले १४ ऑक्टोबरला. तोवर दिवाळीची पार्सलं रांगेला लागली होती.

आताच्या बायकांना नवरा रोज रात्री व्हिडिओवर दिसतो. रजा मिळावी म्हणून घरून धाडायची तार तर २०१३ लाच गेली, साऱ्या तारसेवेसकट. नाहीतर आमच्या काळात 'मदर सीरियस' ही तार इतक्या आया ठणठणीत असताना गेलीय, की काय सांगू. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळलं. बारकोड आला, मोबाइलवर माग काढता येतो. एपीओचा माग मात्र बहुधा बेस पोस्ट ऑफिसपर्यंत दिसतो, पुढं चिडीचूप. पार्सलं कमी झाली का? नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी बारकाईनं बघत होते. पत्रं संपली, मनीऑर्डरी संपल्या, पार्सलं राहिली. खासगी कुरिअर फील्डमधल्या ठाण्यापर्यंत जात नाही, हे एक कारण. दुसरं असं, की फोनवर सगळं दाखवता येतं, पण चकली दाखवून भागत नाही. उलट व्हिडिओवर तळताना दाखवली की मागणी वाढते.

एक गोष्ट मात्र मला नोकरीभर खटकली. पार्सलावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. मी विचारायची, पाठवणार कोण? दळण आणलं हिनं, चुलीपुढं बसली ही, कापड शिवलं हिनं, वडापनं सहा मैल आली ही, पैसे मोजले हिनं. आणि नाव सांगायची सासऱ्याचं. काही घरांत सासरे जाऊन पाच-पाच वर्षं झालेली, तरी नाव त्यांचंच. "बाईमाणसाचं नाव कशाला पार्सलावर?" मी स्वतः पहिल्या पार्सलावर आमच्या मामंजींचंच लिहिलं होतं, कारण घरात तसं चालायचं. दुसऱ्यापासून माझं लिहिलं. ह्यांचं पत्र आलं, त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, पार्सल तुझ्या नावानं आलं ते बघून पोरांनी चिडवलं. पुढं लिहिलं होतं, असंच लिहीत जा.

तेव्हा जिचं माणूस आज फील्डला आहे तिला एवढंच सांगते. दिवाळीचं पार्सल असेल तर दसऱ्याच्या आधी पोस्टात टाका. पत्ता घरूनच कागदावर लिहून आणा: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, एपीओ, आणि पिन नऊनं सुरू होतोय ना ते बघा. जागेचं नाव लिहू नका. चकली चिरमुऱ्यात पुरा. आणि पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव, स्वतःचा मोबाइल नंबर लिहा. पार्सलाचा मेसेज त्याच नंबरवर येतो.